गच्चीवरची पिवळी पावलं

दिवसभरात ताई शंभरेक माणसांचे श्वास रोखतात. पगारच त्याचा मिळतो.

मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक्स-रेची खोली आहे. तिला खिडकी नाही. भिंतींच्या पोटात शिसं आहे. छातीचा एक्स-रे काढतात त्या जागी जमिनीवर पिवळ्या रंगानं दोन पावलं काढलेली आहेत. आत आलेल्या माणसाला ताई सांगतात, "पावलांवर पावलं ठेवा. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा." मग काचेमागे जाऊन बटण दाबतात. "सोडा."

सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे त्यांचं खरं नाव शहरात फारसं कुणाला ठाऊक नाही. दवाखान्यात त्या ताई आणि बाहेर श्वासवाल्या बाई. एकदा बँकेच्या रांगेत एका आजोबांनी त्यांना पाहिलं आणि सवयीनं हनुवटी वर करून, छाती फुगवून उभे राहिले. चेहरा लाल व्हायला लागला. ताई म्हणाल्या, "सोडा, आजोबा." तेव्हा कुठे रांग पुढे सरकली.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं.

तीन वर्षांपूर्वी एक सुतार शिडीवरून पडला. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले. ताईंनी दोन्हींचे एक्स-रे काढले. अशा प्रत्येक एक्स-रेवर बाजू कोणती ते उमटवावं लागतं. त्यासाठी शिशाची दोन अक्षरं असतात, एक डाव्याचं, एक उजव्याचं. बोटाच्या पेराएवढी. दुखऱ्या जागेशेजारी ठेवायची आणि बटण दाबायचं. हजारो वेळा ठेवलेली अक्षरं. त्या दिवशी ती अदलाबदल झाली. कशी, ते ताईंना आजही सांगता येत नाही. घाई नव्हती. डोक्यात काही घोळत नव्हतं. हात गेला तो गेला.

वाटी फुटली होती डाव्या गुडघ्याची. हाडांच्या डॉक्टरांनी तयारी केली उजव्याची. भूल द्यायच्या आधी सुतारच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचं काम तुम्हाला ठाऊक. पण मोडलाय तो हा शेजारचा."

त्याचं नशीब बलवत्तर. ताईंचंही.

चौकशी झाली. दवाखान्याच्या अधीक्षकांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात. साहेबांनी कागद काढला. यापुढे ताईंच्या प्रत्येक एक्स-रेवर दुसऱ्या तंत्रज्ञाची सही लागेल. दुसरा तंत्रज्ञ म्हणजे शेजारच्या सीटी स्कॅनच्या खोलीतला. त्या यंत्राच्या पोकळीत दिवसभर माणसं सरकवतो म्हणून त्याचं नाव बोगदेवाला पडलं होतं. ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. एक्स-रे काढायला त्याला ताईंनीच शिकवलेलं. पहिल्या दिवशी तो पेन घेऊन आला, पण मान वर करेना.

"ताई, ही सही म्हणजे नुसती औपचारिकता हो."

"बघ आधी नीट. मग कर," ताई म्हणाल्या. "न बघता सही करायला मी तुला शिकवलेलं नाही."

त्याच संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या. सुताराच्या खाटेशी उभ्या राहिल्या. "चूक माझी होती. अक्षरं मी उलटी ठेवली." दवाखान्यातलं कुणी असं सांगायला येईल ही त्याची अपेक्षाच नव्हती. तो ओशाळला. म्हणाला, "बाई, मीसुद्धा कधी कधी बिजागरी उलट्या बाजूला ठोकतो. काढतो, परत ठोकतो."

"दाराला दुखत नाही," ताई म्हणाल्या आणि निघून आल्या.

साहेबांच्या कागदानं ताई मोडल्या नाहीत. मोडल्या त्या आतून. स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वासच उडाला. अक्षर ठेवायचं, काचेमागे जायचं, परत यायचं, बघायचं, पुन्हा काचेमागे. तोवर समोरचा माणूस श्वास रोखून जांभळा. घरी गॅस बंद केला का ते तीनदा. कुलूप ओढून बघायला निम्म्या रस्त्यातून परत. आणि मग त्या बिनखिडकीच्या खोलीत चक्कर यायला लागली. पायाखालची फरशी हळूच सरकतेय असं वाटायचं. भिंत धरून उभ्या राहायच्या.

ताईंचे यजमान गाडी शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि यजमानांच्या पायाशी दुसरा. एका सकाळी ताई तिसऱ्यांदा गॅस बघायला वळल्या तेव्हा ते म्हणाले, "अगं, माझ्या गाडीला दोन ब्रेक, तरी ती चालते. तू चार-चार ब्रेक लावून बसलीयेस. हलणार कशी?"

"अहो, पण चालू राहिला असेल तर?"

"तर मी आहे ना भाजायला."

ताई हसल्या नाहीत. ते पाहून यजमानांचंही हसू गेलं. दुसऱ्या दिवशी ते त्यांना घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे गेले. त्याच दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं तळघर ते फाटक एवढंच चालणाऱ्या ताईंना ती खोली कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोड्या. आणि एक काम दिलं. "दिवसातून एक गोष्ट अशी करायची, जी केल्यावर पुन्हा तपासायची नाही."

"कसली गोष्ट?"

"ते तुम्ही शोधा. मी रोज आरशाशिवाय दाढी करतो."

ताईंनी त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं. "दिसतंय," म्हणाल्या.

खूप महिन्यांनी त्यांच्या तोंडून असं काही निघालं होतं. यजमान खुर्चीतल्या खुर्चीत सुखावले.

घरात एक कॅमेरा पडून होता. परवान्याच्या परीक्षेत पास झालेल्यांचे फोटो काढायला यजमानांनी घेतलेला. जवळजवळ नवाच होता. ताई तो घेऊन दवाखान्याच्या गच्चीवर गेल्या. गच्चीची किल्ली पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्या प्लंबरकडे असायची. "फोटो?" तो म्हणाला. "टाकीचा?"

"नाही रे बाबा. डोंगराचा."

"मग ठीक. टाकी गळतेय सध्या."

शहराच्या उत्तरेला जोडडोंगर आहे. थोरला सुळका आणि धाकटा सुळका. गच्चीवरून पाहिलं की थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे, मधे खिंड. खिंडीतून विजेचे मनोरे एकामागून एक पलीकडे उतरतात. पायथ्याशी नदीचं एक वळण दिसतं, पुढे शेतांचे तुकडे, मग घरांची छपरं. शहरातल्या प्रत्येकाला हा डोंगर माहीत आहे. पत्ता सांगताना सगळे त्याच्याकडे हात करतात. बघत कुणी नाही.

ताईंनी नियम ठरवला. सकाळी सात वाजता, पाळी सुरू व्हायच्या आधी. एकच फोटो. तो उघडून बघायचा रविवारीच.

पहिल्या दिवशी त्यांनी एक्केचाळीस फोटो काढले आणि सगळे तिथेच उभं राहून पाहिले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. डॉक्टरांना आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "छान. निम्म्यावर आलात." तिसऱ्या आठवड्यात चार. ज्या दिवशी एकावर थांबल्या, त्या दिवशी जिना उतरताना दोनदा थबकल्या. पण उतरल्या. परत वर गेल्या नाहीत.

मात्र रविवारी फोटो पाहताना त्यांचं डोकं फिरलं. डोंगर कधी इकडे, कधी तिकडे. रोज वेगळ्या जागी उभ्या राहत होत्या त्या. यजमान म्हणाले, "डोंगर फिरायला जातो वाटतं अधूनमधून." ताईंना काही ते खपलं नाही. खाली पिवळ्या रंगाचा डबा होता, तळाशी थोडा उरलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीच्या फरशीवर स्वतःची पावलं आखली. दोन पिवळी पावलं, एक्स-रेच्या खोलीत आहेत तशीच.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. डाव्या बाजूचं एक जुनं शिशाचं अक्षर टवका उडाला म्हणून बाद झालं होतं. ते त्या वर घेऊन आल्या आणि कठड्यावर डाव्या टोकाला ठेवायला लागल्या. फोटोत अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, एक करडा ठिपका यायचा. बाजूची खूण नसलेला फोटो त्यांना फोटोच वाटत नव्हता.

मग त्या पावलांवर पावलं ठेवायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा." बटण. "सोडा."

इतकी वर्षं त्या हे दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात डोंगर जुन्या गोणपाटाच्या रंगाचा झाला. गवत वाळलं तशा आतल्या दगडांच्या फासळ्या दिसायला लागल्या. हे ताईंना लगेच कळलं, कारण फासळ्या मोजण्यात जन्म गेलेला. धुळीचा करडा वेगळा, दगडाचा करडा वेगळा, चुलींच्या धुराचा वेगळा. दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत करड्या रंगाच्या घराण्याशीच संसार करत होत्या. आता तेच घराणं उजेडात भेटलं. पावसात प्लंबरनं पाइपाला छत्री बांधून दिली. हवा धुतली गेली आणि डोंगर चार पावलं पुढे आल्यासारखा दिसू लागला. खिंडीतल्या मनोऱ्यांच्या तारासुद्धा मोजता येत. पाऊस सरल्यावर वारे सुटले. एका रविवारी फोटो थोडा हललेला निघाला. पूर्वी ताईंनी रात्रभर तोच विचार केला असता. यजमानांनी घाबरत विचारलं, "काय गं, हात?"

"वारा होता," ताई म्हणाल्या. "हात नव्हता."

आणि मग थंडीत धुकं आलं. सलग नऊ दिवस. ताई नऊ दिवस पावलांवर उभ्या राहिल्या आणि नऊ कोरे पांढरे फोटो काढले. त्यातला एक त्यांनी छापून मनाच्या डॉक्टरांना नेऊन दिला. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात डोंगर कुठाय?"

"आहे तिथेच," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोटो टेबलावर उभा करून ठेवला. त्या दिवशी त्यांनी पुढची तारीख दिली नाही.

तेव्हापासून चक्कर आली नाही. पण सही तशीच राहिली. तो कागद एका वर्षासाठी निघाला होता. वर्ष उलटलं, दुसरं उलटलं. कागद मागे घ्यायचं साहेबांच्या लक्षात राहिलं नाही. ताईंनीही आठवण केली नाही. बोगदेवाला एकदोनदा म्हणाला, "ताई, एक अर्ज टाका की. मीच लिहून देतो." ताई विषय बदलायच्या. अर्जात लिहावं लागलं असतं की आता माझ्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ते वाक्य त्यांना लिहवत नव्हतं.

दर महिन्याला एक फोटो त्या छापून आणायच्या आणि एक्स-रेच्या बाहेरच्या बोळात लावायच्या, जिथे माणसं बाकांवर खोळंबलेली असतात. आधी कुणी ढुंकून पाहत नसे. हळूहळू बाकांवर वाद रंगायला लागले. "हा पावसाआधीचा." "छे हो, नदी बघा ना किती भरलीय!" नंबर आधी कुणाचा यावरची भांडणं कमी झाली, असं प्रत्यक्ष बोगदेवाला सांगतो, आणि तो कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यांतला नाही.

यंदा दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली. आत शिरल्यावर समोर भलीमोठी भिंत, अठरा फूट लांब, नऊ फूट उंच. तिथे कुठला तरी विकतचा धबधबा लावायचं ठरलं होतं. पाहणीला आलेल्या समितीतल्या एका बाईंचा हात मुरगळला होता. एक्स-रेसाठी त्या तळघरात उतरल्या, बोळात अर्धा तास बसल्या आणि वर जाऊन म्हणाल्या, "धबधबा कशाला? तुमच्याकडे डोंगर आहे."

ताईंचा फोटो ठरला. वारे पडल्यानंतरच्या एका सकाळचा. थोरल्याच्या माथ्यावर ऊन आलेलं, धाकटा अजून सावलीत.

ताईंनी घरी काही सांगितलंच नसतं. पण बोगदेवाल्यानं फोन केला. त्यानंतर महिनाभर यजमानांच्या गाडीत शिकणाऱ्या एकालाही सुटका नव्हती. "आता डावीकडे घ्या. हळू. ही नवी इमारत. आत माझ्या बायकोचा डोंगर लागतोय. अहो, रस्त्याकडे बघा!"

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ताईंनी नेहमीप्रमाणे सातला गच्चीवर फोटो काढला, कॅमेरा गळ्यात तसाच ठेवला आणि नव्या इमारतीत डोकावल्या. पाहुणे अकराला यायचे होते. साहेब उभे राहून खुर्च्या लावून घेत होते. बोगदेवाल्याला फुलदाण्या उचलायला जुंपलं होतं. चित्राची लाकडी चौकट करायचं काम एका सुताराला दिलेलं होतं. तो शिडीखाली उभा राहून शेवटचे खिळे मोजत होता. ताईंनी पाहिलं, तोच सुतार. त्यानं गुडघ्यावर हात मारून दाखवला आणि हसला.

मग ताईंनी भिंतीकडे पाहिलं. चित्रावर पडदा अजून सोडला नव्हता.

क्षणभर ती जुनी चक्कर आली असं वाटलं. फरशी सरकतेय. पण नाही. फरशी जागच्या जागी होती. डोंगर हलला होता.

थोरला उजवीकडे होता.

त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. करडा ठिपका नव्हता. डाव्या कोपऱ्यात नाही, उजव्यातही नाही.

"हे उलटं आहे," ताई म्हणाल्या.

त्यांचा आवाज तसा लहान. पण बोगदेवाल्यानं फुलदाणी खाली ठेवली. साहेब वळले. चित्र छापणारा फलकवाला पलीकडे दोर गुंडाळत होता, त्याचा हात थांबला.

"काय उलटं?" साहेबांनी विचारलं.

"डोंगर. डावं उजवीकडे गेलंय."

साहेबांनी चित्राकडे पाहिलं. मग ताईंकडे. "ताई, मी वीस वर्षं रोज सकाळी चहा घेताना हा डोंगर बघतो. थोरला उजवीकडेच आहे."

"डावीकडे आहे, साहेब."

साहेबांना घाई होती. पाहुणे यायचे होते, माईक चालत नव्हता. म्हणून असेल, पण ते बोलून गेले. "डाव्या-उजव्याच्या बाबतीत तुम्ही आग्रह धरावा, ताई? एकदा अनुभव घेतलाय आपण."

सुतारानं खिळ्यांचा डबा हळूच बाकावर ठेवला.

ताईंचे कान तापले. तीन वर्षं हेच वाक्य त्या मनातल्या मनात ऐकत आल्या होत्या. आज कुणीतरी ते मोठ्यानं म्हटलं. ऐकल्यावर त्यांनी नकळत स्वतःला विचारलं, खात्री आहे? आणि वाट पाहिली. छातीत धडधड होईल, पुन्हा बघून ये असं कुणीतरी आतून सांगेल, त्याची. तसं काही झालं नाही. तळव्यांना माहीत होतं. थोरला डाव्या पायाच्या बाजूला. उन्हात, पावसात, नऊ दिवसांच्या पांढऱ्या धुक्यात.

"ताई," बोगदेवाला पुढे आला, "कॅमेऱ्यात आजचा फोटो असेल ना? दाखवून टाका. वाद मिटेल."

ताईंचा हात कॅमेऱ्याकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"नको. त्या वेळीसुद्धा आपण कागदच बघत बसलो होतो. दुखणारा गुडघा समोर होता, त्याला कुणी विचारलं नाही." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "डोंगर वर आहे, साहेब. चार मजले. चला."

"आत्ता?"

"पाहुणे अकराला आहेत. आता साडेसात झालेत."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात सुतार म्हणाला, "बाई म्हणतात तर उलटंच असणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"साहेब, माझ्या पायाची चूक झाली तेव्हा ती कुणाची हे सगळ्यांनी माझ्यापासून लपवलं. एकट्या ह्या बाई येऊन सांगून गेल्या. स्वतःची चूक जी बाई अशी सांगते, ती दुसऱ्याची उगाच नाही काढणार." आणि तो जिन्याकडे चालायलाही लागला. डावा पाय आधी.

जुन्या इमारतीचे चार मजले चढून सगळे गच्चीवर आले. साहेब धापा टाकत होते. फलकवाला सगळ्यांत मागे होता, त्याची पावलं जड पडत होती. प्लंबरनं दार उघडून दिलं आणि एवढी गर्दी पाहून आधीच सांगून टाकलं, "टाकीचं काम उद्या होणार आहे, साहेब."

"इथे," ताई म्हणाल्या.

साहेबांनी खाली पाहिलं. फरशीवर पिवळी पावलं. त्यांच्या बुटांपेक्षा लहान. ऊन-पावसानं रंग फिका झालेला, पण कडा पुन्हा पुन्हा गिरवलेल्या. साहेब त्यांवर उभे राहिले. ताईंच्या तोंडून सवयीनं निघालं, "हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा."

साहेबांनी हनुवटी वर केली. श्वास घेतला. रोखला.

थोरला सुळका डावीकडे होता. माथ्यावर ऊन आलेलं. धाकटा उजवीकडे, सावलीत. मधे खिंड. कठड्याच्या डाव्या टोकाला टवका उडालेलं शिशाचं अक्षर.

त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, परत डावीकडे आली. साहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"सोडा, साहेब," ताई म्हणाल्या.

साहेबांनी श्वास सोडला. "पण माझ्या खिडकीतून तर..."

"तुमचं घर डोंगरापलीकडच्या वसाहतीत आहे," बोगदेवाला म्हणाला.

"तुम्ही त्याला पाठीकडून बघता, साहेब," ताई म्हणाल्या. "आम्ही छातीकडून."

आधी सुतार हसला. मग प्लंबर. शेवटी साहेबांनाही हसू आवरेना. हसला नाही तो फलकवाला. त्यानं स्वतःहूनच सांगून टाकलं. दवाखान्याच्या नावाची सोनेरी अक्षरं डावीकडे, थोरल्याच्या उन्हात नीट उठत नव्हती, म्हणून त्यानं चित्र फिरवलं. "जरासं फिरवलं हो. चालतं तेवढं. आणि कोपऱ्यात काहीतरी घाण आली होती, ती पुसली."

"घाण नव्हे ती," ताई म्हणाल्या. "ती राहिली असती तर तुम्हाला फिरवता आलं नसतं."

साहेब पावलांवरून उतरले. आपण कशावर उभे होतो ते त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. "मघाशी मी बोललो ते..." ते ताईंकडे वळले. "तुम्हाला काय हवं ते सांगा, ताई."

"ती दुसरी सही," ताई म्हणाल्या. "ती थांबवा."

"कुठली दुसरी सही?"

बोगदेवाल्यानं सांगितलं. साहेब चक्रावले. "ते अजून चालू आहे? वर्षभरासाठी होतं ते! तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला खात्री नव्हती," ताई म्हणाल्या.

"आणि आता?"

ताईंनी घड्याळ पाहिलं. "आठ वाजत आले. माझे पेशंट खोळंबले असतील." आणि जिना उतरायला लागल्या.

अकरा वाजता पाहुणे आले तेव्हा ताई तळघरात होत्या. वर काय झालं ते त्यांना यजमानांकडून कळलं. इस्त्रीचा सदरा घालून ते कार्यक्रमाला आले होते, आणि कार्यक्रम संपताच दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. बोळातल्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांसमोरच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"अगं, पडदा काढलाच नाही! साहेब माईकवर म्हणाले, चित्र तयार आहे, पण आज दाखवणार नाही. आम्ही डोंगर चुकीच्या बाजूनं लावणार होतो. आमच्या एक्स-रेच्या ताईंनी थांबवलं. ज्यांना खरा बघायचाय त्यांनी गच्चीवर जावं, तिथे पावलं काढलेली आहेत. आणि पाहुणे गेले की वर! रांग लागलीय रांग! प्लंबर एकेकाला सोडतोय."

"अहो, हळू बोला. लोक आहेत."

"असू देत. माझी बायको आहे," ते बाकांकडे वळून म्हणाले. एक म्हातारी म्हणाली, "आम्हाला काय सांगता? आम्ही दोन वर्षं बघतोय."

आत पुढचा पेशंट होता. एका टपालवाल्या बाईचं मनगट, सायकलवरून पडून सुजलेलं. ताईंनी विचारलं, "कुठला?" बाईंनी हात पुढे केला. उजवा. ताईंनी उजव्याचं अक्षर उचललं, मनगटाशेजारी ठेवलं आणि काचेमागे गेल्या. बटण दाबलं. मधे एकदाही परत आल्या नाहीत.

कागदावर सही केली. सवयीनं बोगदेवाला पेन घेऊन दारात उभाच होता.

"कुणाची सही पाहिजे?" ताईंनी विचारलं.

बोगदेवाल्यानं एक्स-रे पाहिला, ताईंनी शिकवल्याप्रमाणे, नीट. मग पेन खिशाला लावलं. "कुणाचीच नाही," म्हणाला आणि आपल्या बोगद्याकडे गेला.

चार दिवसांनी फलकवाल्याचा फोन आला. नवं चित्र छापायला घेतलं होतं, बाजू बरोबर होती, अक्षरं आता भिंतीच्या वरच्या पट्टीवर जाणार होती. त्याला एकच शंका होती.

"ताई, तो डाव्या कोपऱ्यातला ठिपका. अठरा फुटांच्या चित्रात तो मुठीएवढा दिसेल. लोक विचारतील काय आहे म्हणून. काढून टाकू?"

"हात लावू नका त्याला," ताई म्हणाल्या. "आणि विचारू दे लोकांना. मी खालीच असते."